वाचकांचे प्रश्न : वॉर्म-अप कशासाठी, किती आणि कसा?

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न खेळाआधीच्या व्यायामाबद्दल आहेत. विचारणारे सगळे हौशी खेळाडू किंवा त्यांचे प्रशिक्षक. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचा फुटबॉलचा संघ दर रविवारी खेळतो. मैदानाला दोन चकरा, मग गोल करून उभ्या-उभ्या पायांना ताण, की सामना सुरू. तरीही अधूनमधून कुणाच्या तरी मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो, नाहीतर गुडघा जातो. वॉर्म-अप तर आम्ही करतोच, मग चुकतं कुठे?

तुम्ही शरीर तापवता, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. दोन चकरांनी स्नायू गरम होतात, रक्तपुरवठा वाढतो, हालचाली मोकळ्या होतात. पण शरीर तापवणं हे एक काम आणि दुखापत टाळणं हे दुसरं. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि तो जमिनीला टेकण्याआधी मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, लांबत असतानाच तो पाय आवरावा लागतो. त्या क्षणीचा भार झेपला नाही की स्नायू फाटतो. हा भार पेलण्याची ताकद चकरा मारून येत नाही. उडीवरून खाली येताना गुडघा आत न वळू देणं, एका पायावर तोल सांभाळणं, पळता पळता दिशा बदलताना कंबर स्थिर ठेवणं, हे सगळं शिकावं लागतं आणि महिनोन् महिने घोटावं लागतं.

म्हणूनच फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ नावाचा ठरावीक कार्यक्रम २००६ मध्ये तयार झाला. फिफाचं वैद्यकीय संशोधन केंद्र, ऑस्लोचं क्रीडा-दुखापत संशोधन केंद्र आणि अमेरिकेतल्या सँटा मोनिकाची एक संशोधन संस्था अशा तिघांनी मिळून तो बांधला. नॉर्वेतल्या १२५ क्लबांमधल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर एक हंगामभर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. हा कार्यक्रम करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या.

कार्यक्रम वीस मिनिटांचा आहे, त्याचे तीन भाग. शंकू किंवा खुणेसाठी काहीही पुरतं : दोन समांतर रांगा, प्रत्येक रांगेत सहा खुणा, दोन खुणांत पाच-सहा मीटर अंतर. खेळाडूंनी जोडीने निघायचं.

पहिला भाग आठ मिनिटांचा, सावकाश धावण्याचा, प्रकार सहा. सरळ धावणं, प्रत्येक खुणेपाशी थांबून गुडघा वर उचलून बाहेर फिरवणं, तसाच तो बाहेरून आत आणणं, जोडीदाराभोवती तोंडाची दिशा न बदलता बाजूबाजूने फेरी, मधोमध येऊन उडी मारून खांद्याला खांदा भिडवणं, आणि दोन खुणा पुढे, एक खूण मागे अशी चपळ धाव. प्रत्येक प्रकार दोनदा.

दुसरा भाग दहा मिनिटांचा आणि खरा बचाव त्यातच आहे. कोपरांवर शरीर तोलून धरण्याचा प्लँक, २० ते ३० सेकंद, तीनदा. तोच एका कुशीवर, प्रत्येक बाजूला तीनदा. मग हॅमस्ट्रिंगसाठीचा नॉर्डिक व्यायाम (त्याबद्दल पुढे सविस्तर येतंच आहे). मग हातात चेंडू धरून एका पायावर ३० सेकंद, प्रत्येक पायावर दोनदा. मग बैठक मारून वर येताना चवड्यांवर उठणं, ३० सेकंद दोनदा. शेवटी उभ्या उड्या, तेवढाच वेळ. प्रत्येक व्यायामाच्या तीन पायऱ्या आहेत. प्लँकमध्ये दुसऱ्या पायरीवर पाय आळीपाळीने उचलायचे, तिसरीवर एक पाय उचलून तसाच धरायचा. बैठकांच्या जागी दुसऱ्या पायरीवर चालते लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत खाली जाणं), तिसरीवर एका पायाच्या बैठका.

तिसरा भाग दोन मिनिटांचा : मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण वेगाच्या पाऊणपट वेगाने धाव, लांब झेपा टाकत धाव, आणि पाय रोवून एकदम दिशा बदलण्याची धाव.

आता चुकतं कुठे ते पाहू. बहुतेक संघ पहिला भाग मन लावून करतात, कारण तो सोपा आणि गमतीचा आहे, आणि दुसऱ्याला कात्री लावतात. राहिलेला वेळ गोलवर फटके मारण्यात जातो. दुसरी चूक म्हणजे पायऱ्या चढण्याची घाई. पहिल्या पायरीवर प्लँकमध्ये कंबर खाली झुकत असेल आणि खेळाडू तिसरीवर एक पाय उचलून थरथरत असेल, तर तो पोटाच्या स्नायूंऐवजी पाठीच्या कण्यावर लटकलेला असतो. पूर्ण वेळ आकार न बिघडवता जमला, तरच पुढची पायरी. तिसरी चूक सर्वांत मोठी : महिनाभर करून सोडून देणं. परिणाम दिसायला साधारण दहा-बारा आठवडे लागतात आणि आठवड्यातून किमान दोनदा करावं लागतं. तुम्ही फक्त रविवारी भेटत असाल तर आठवड्याच्या मध्ये दोनदा घरीच दुसरा भाग करणं प्रत्येकाला भाग आहे. त्याला मैदान लागत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सामन्याआधी हा कार्यक्रम पूर्ण करायचा नसतो. त्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा भाग. ताकदीचे व्यायाम सरावाच्या दिवशी.

प्रश्न : खेळाआधी स्ट्रेचिंग केलं तर ताकद कमी होते असं ऐकलं. मग बंदच करायचं का?

अर्धं खरं आहे. एकाच स्नायूला स्थिर ताण मिनिटभराहून जास्त वेळ देऊन लगेच उडी मारली किंवा वेगाने धावलं, तर जोर किंचित कमी पडतो. ताण ३० सेकंदांच्या आत असेल आणि त्यानंतर हालचालींचा वॉर्म-अप असेल, तर व्यवहारात काही फरक पडत नाही. मात्र स्थिर ताणाने दुखापती कमी होतात असंही अभ्यासांमधून दिसत नाही. ताकदीच्या व्यायामांनी त्या कमी होतात, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तेव्हा ज्यांना बरं वाटतं त्यांनी थोडा ताण जरूर द्यावा. पण मुख्य वेळ हालत्या ताणाला : भिंतीला हात टेकून पाय पुढे-मागे आणि मग आडवा झुलवणं, प्रत्येकी दहा-बारा वेळा, लांब पाऊल टाकून खाली जाऊन धड पुढच्या पायाकडे वळवणं, दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा, चवड्यांवर आणि टाचांवर चालणं. झुलवताना पाय झटक्याने वर फेकू नये. पहिल्या तीन-चार झोक्यांत उंची कमी, मग हळूहळू वाढवायची.

प्रश्न : हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम सुरू केला. दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना, चार दिवस मांड्या दुखल्या. सोडून दिला. हा व्यायाम सगळ्यांना झेपतो का?

झेपतो, पण तुम्ही केलात तसा नाही. पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या, दहा-दहा वेळा, असं झालं असणार. व्हिडिओ पाहून सुरुवात करणारे बहुतेक जण तेच करतात. या व्यायामात स्नायू लांबत असताना भार पेलतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला अशा भारानेच सर्वांत जास्त ठणका लागतो. त्याचीच दुसरी बाजू अशी, की थोड्या मात्रेने एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने फारच कमी दुखतं.

कृती अशी. गुडघ्यांखाली चटई दुमडून ठेवा. कडक जमिनीवर गुडघ्याची वाटी आधी कुरकुरते आणि माणूस मांडीऐवजी गुडघ्याकडेच लक्ष देत बसतो. गुडघ्यांवर उभे राहा. जोडीदाराने मागे बसून दोन्ही घोटे, अगदी टाचेच्या वर, अंगाचा भार टाकून जमिनीशी दाबून धरायचे. पोटरी धरली तर पाय उचलला जातो. आता खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून पुढे कला, जितकं सावकाश जमेल तितकं. मांडीच्या मागे ओढ वाढत जाईल. पेलवेनासं झालं की हात पुढे टाकून जमिनीवर झेला, छाती खाली येऊ द्या, मग हातांनीच रेटा देऊन परत या. वर येताना मांडीचा जोर लावायची गरज नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे कमरेत वाकणं. पार्श्वभाग मागे राहतो, धड पुढे जातं. बघणाऱ्याला खूप खाली गेल्यासारखं वाटतं, पण हॅमस्ट्रिंगवर हवा तसा भार येत नाही. बाजूने मोबाइलवर एकदा चित्रण करा, लगेच दिसेल. दुसरी चूक, वीस-पंचवीस अंश कललं की धपकन पडणं. सुरुवातीला तेवढंच जमतं, त्यात कमीपणा नाही; तो टप्पा तीन-चार सेकंद लांबवायचा. जोडीदार नसेल तर जड पलंगाच्या पट्टीखाली टाचा अडकवता येतात, मात्र पट्टी हलत नाही ना ते आधी ओढून बघा.

दहा आठवड्यांच्या अभ्यासांत वापरलेली मात्रा पुढीलप्रमाणे आहे. पहिला आठवडा : एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. दुसरा : दोन दिवस, सहा-सहाच्या दोन फेऱ्या. तिसरा : तीन दिवस, सहा ते आठच्या तीन फेऱ्या. चौथा : तीन दिवस, आठ ते दहाच्या तीन फेऱ्या. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत : तीन दिवस, बारा, दहा आणि आठ अशा तीन फेऱ्या. त्यानंतर आठवड्यातून एकदा केलं तरी कमावलेलं टिकतं. नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. हौशी खेळाडूला तीन दिवस जमत नाहीत, तेव्हा दोन धरा आणि वेळापत्रक थोडं लांबवा. सामना रविवारी असेल तर शुक्रवार-शनिवार टाळा.

आधी हॅमस्ट्रिंग फाटलेला असेल तर भरून येईपर्यंत हा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा.

प्रश्न : जांघेत दुखण्याचा त्रास आमच्या दोन-तीन खेळाडूंना आहे. त्यासाठी वेगळं काही?

आहे : कोपनहेगन व्यायाम. कुशीवरच्या प्लँकसारखी स्थिती घ्यायची, पण वरचा पाय जोडीदाराने कमरेच्या उंचीवर धरायचा, एक हात गुडघ्याखाली, एक घोट्याखाली. खालचा पाय जमिनीवरून उचलून वरच्या पायाला भिडवायचा आणि सावकाश खाली सोडायचा. नवख्यांनी वरच्या पायाचा गुडघाच बाकावर टेकवावा. तरफेची लांबी कमी झाली की भारही बराच कमी होतो. प्रत्येक बाजूला पाच वेळांपासून सुरुवात, काही आठवड्यांत दहा-पंधरापर्यंत. नॉर्वेतल्या पुरुष फुटबॉलपटूंवर केलेल्या चाचणीत, हा एवढा एकच व्यायाम नेमाने करणाऱ्यांमध्ये जांघेच्या तक्रारी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. आत्ता दुखत असलेल्यांनी मात्र आधी गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबण्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : मी १४-१५ वर्षांच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. गेल्या हंगामात एका मुलीच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला, तिला कुणी धक्काही दिला नव्हता. नुसती उडीवरून खाली आली. हे टाळता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा), म्हणजे एसीएल, बहुतेक वेळा असाच जातो : धक्का नाही, टक्कर नाही, पाय जवळजवळ सरळ असताना जमिनीवर आदळतो, पाऊल जागच्या जागी रुततं आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट असतो. वयात येताना उंची आणि वजन भराभर वाढतं, पण मांडी आणि पार्श्वभागाची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यामागचं एक कारण.

आधी बघून घ्या. साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून मुलीला दोन्ही पायांवर खाली उतरायला आणि लगेच वर उडी मारायला सांगा. समोरून, गुडघ्यांच्या उंचीवर मोबाइल ठेवून चित्रण करा आणि सावकाश चालवून पाहा. टेकण्याच्या क्षणी गुडघे एकमेकांकडे झुकतात का? एक पाय आधी टेकतो का? गुडघे जेमतेम वाकतात आणि आवाज मोठा येतो का? यातलं एक जरी दिसलं तरी त्या मुलीला उतरायला शिकवायचं आहे.

शिकवताना ‘गुडघे आत नेऊ नकोस’ असं सांगून फारसा उपयोग होत नाही. ‘आवाज न करता उतर’ हे सांगा. आवाज घालवायच्या नादात गुडघे आणि कंबर आपोआप जास्त वाकतात. ‘गुडघ्याचं टोक पावलाच्या मधल्या बोटांकडे’ ही दुसरी सूचना. प्रत्येक उडीनंतर दोन-तीन सेकंद पुतळा. तो पुतळा हलला तर ती उडी मोजायची नाही, या एका नियमाने मुली स्वतःच सावध होतात. क्रम असा ठेवा : आधी जागच्या जागी दोन पायांवर, मग पुढे उडी, मग बाजूला, मग एका पायावर, आणि शेवटी चेंडू झेलत. चेंडू आला की लक्ष विभागलं जातं आणि जुनी सवय डोकं वर काढते, म्हणून तो शेवटी आणायचा. पण आणायचा जरूर, कारण सामन्यात कुणीच आपल्या पायांकडे बघत खेळत नाही.

स्वीडनमध्ये २००९ च्या हंगामात १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाची चाचणी झाली. त्यात व्यायाम फक्त सहा : एका पायाची अर्धी बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, दोन पायांची बैठक, प्लँक, लंज आणि उडी मारून उतरणं. आठवड्यातून दोनदा. एसीएलच्या दुखापती जवळपास दोन तृतीयांशाने घटल्या. हे सहाही व्यायाम बास्केटबॉलच्या मैदानावर जसेच्या तसे करता येतात. एवढी पंधरा मिनिटं ‘सरावातून वाया जातात’ असं कुणी म्हणालं, तर एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा जास्त लागतात, हे त्यांना सांगा.

प्रश्न : व्हॉलीबॉल खेळतो. एकाच घोट्याला वर्षात तीनदा मुरगळ. दर वेळी आठ दिवसांनी सूज उतरली की खेळायला लागतो.

इथेच पेच आहे. सूज उतरते, पण लिगामेंट ताणला गेल्यावर सांध्याची स्थिती ओळखून वेळेवर पाय सावरण्याची क्षमता मंदावलेली असते, आणि ती आपोआप परत येत नाही. पहिल्या मुरगळीनंतरचं वर्ष म्हणूनच सर्वांत जोखमीचं.

आठ-दहा आठवडे, जवळजवळ रोज, पाच-दहा मिनिटं द्या. अनवाणी एका पायावर ३० सेकंद, तीनदा. न डगमगता जमलं की डोळे मिटून. मग उशीवर किंवा डगमगत्या फळीवर. मग त्याच स्थितीत भिंतीवर चेंडू मारून झेलणं. मग एका पायावर पुढे, मागे, बाजूला उडी मारून जागच्या जागी थांबणं. जोडीला एका पायाने टाच उचलण्याच्या पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. दात घासताना एका पायावर उभं राहण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. वाईट नाही, पण पुरेसाही नाही, कारण नेटजवळ उतरताना पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडतं तेव्हा अर्ध्या सेकंदाचाही अवधी नसतो. उड्यांची पायरी गाठलीच पाहिजे.

तोवर खेळताना लेस किंवा पट्ट्यांनी आवळायचा घोट्याचा ब्रेस वापरा. आधी मुरगळलेल्यांना त्याचा खरोखर फायदा होतो. नुसता लवचीक मोजा त्या कामाचा नाही. आणि पुन्हा मुरगळला, चार पावलंही भार टाकून चालवेना, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखलं, तर आधी एक्स-रे.

प्रश्न : मैदान तासभरच मिळतं. त्यातली वीस मिनिटं व्यायामात गेली तर मुलं कुरकुर करतात.

मग तोडून करा. ऑस्ट्रेलियात अर्धव्यावसायिक फुटबॉल संघांवर असा प्रयोग झाला : धावण्याचे भाग सुरुवातीला आणि ताकदीचा दुसरा भाग सरावाच्या शेवटी. दुखापतींची संख्या वाढली नाही, उलट गंभीर दुखापती आणि खेळाबाहेर राहण्याचे दिवस कमी झाले, आणि खेळाडूंनी व्यायाम जास्त नेमाने केले. थकलेल्या पायांनी केलेला नॉर्डिक कदाचित सामन्याच्या उत्तरार्धासाठीच कामाला येत असावा.

तुमच्याकडे तर मैदानाचा तास संपल्यावर बाहेरच्या मोकळ्या जागेतही दहा मिनिटं मिळू शकतात. फक्त एक जण नेमा, जो वेळ लावेल आणि कुणी किती वेळा केलं ते मोजेल. ‘आपापलं करून घ्या’ म्हटलं की कुणीच करत नाही.

प्रश्न : रोज पळतो. नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं. पळण्याआधी कोणता वॉर्म-अप केला तर थांबेल?

कोणताच नाही, असंच स्पष्ट सांगायला हवं. चेंडूच्या खेळांमधल्या अचानक होणाऱ्या दुखापती आणि पळणाऱ्यांच्या हळूहळू साठणाऱ्या दुखापती यांची जात वेगळी. नेदरलँड्समध्ये हौशी धावपटूंना वॉर्म-अप, कूल-डाउन आणि स्ट्रेचिंगचा कार्यक्रम देऊन १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत.

तुमच्या दुखण्याचं कारण बहुधा गेल्या काही आठवड्यांत सापडेल : अंतर एकदम वाढवलं, चढ घेतले, वेगाचे दिवस वाढवले, किंवा मोठ्या खंडानंतर जुन्याच अंतरापासून सुरुवात केली. दोन आठवडे अंतर निम्मं करा, वेग बंद. टाच उचलण्याचे व्यायाम दोन प्रकारे करा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, बारा ते पंधराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वाकवून केलं की पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायू काम करतो, आणि धावताना सर्वांत जास्त भार त्याच्यावरच असतो. दुखणं हाताच्या पंजाएवढ्या पट्ट्यात पसरलेलं असेल तर हे पुरतं. एकाच बोटाने दाखवता येईल अशा जागी, हाडावर, रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

साध्या धावेसाठी पहिली दहा मिनिटं गप्पा मारता येतील इतक्या वेगाने पळणं हाच वॉर्म-अप. वेगाच्या दिवशी मात्र दहा-पंधरा मिनिटं सावकाश, मग पाय झुलवणं, मग ८० ते १०० मीटरच्या चार वाढत्या वेगाच्या धावा, प्रत्येकीनंतर चालत परत.

प्रश्न : वॉर्म-अप करून राखीव खेळाडू बाकावर बसतो आणि तासाने त्याला उतरवतात. क्रिकेटमध्येही गोलंदाजाला अचानक चेंडू देतात.

पंधरा मिनिटं शांत बसलं की स्नायूंचं तापमान बरंच उतरतं. राखीव खेळाडूंनी दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून दोन-तीन मिनिटं हलावं, आणि उतरायच्या आधी पाच मिनिटं सावकाश धाव, दिशाबदल आणि दोन-तीन वेगाच्या धावा. मध्यंतरानंतर मैदानात येतानाही शेवटची तीन मिनिटं यासाठी राखावीत.

गोलंदाजाला कर्णधाराने दोन षटकं आधी खूण करावी. तेवढ्यात खांदे फिरवणं, कमरेतून वळणं, लंज, आणि क्षेत्ररक्षकाकडे सहा-आठ चेंडू, पहिले अर्ध्या जोराने. पहिल्याच चेंडूला पूर्ण जोर लावणाऱ्या गोलंदाजाची बरगड्यांच्या बाजूची आणि पाठीची दुखणी पुढे बराच काळ चालतात.

प्रश्न : वय ४६. दिवसभर बसून काम आणि संध्याकाळी थेट बॅडमिंटन. सोबतच्या एकाच्या टाचेमागची शीर तुटली. मी काय काळजी घेऊ?

तुटली ती शीर नव्हे, अ‍ॅकिलिसचा कंडरा. पोटरीला टाचेशी जोडणारा. तिशीच्या उत्तरार्धापासून पुढे, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं. मागे गेलेल्या शटलसाठी पाय रेटून उलट दिशेने झेप घेताना तो जातो. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी ‘फट्’ असा आवाज येतो आणि त्या पायाच्या चवड्यावर उठता येत नाही. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘लचक असेल’ म्हणून थांबू नये.

खेळाआधी बारा-पंधरा मिनिटं द्या. पाच मिनिटं भरभर चालणं आणि सावकाश धावणं, मग दोन्ही पायांनी वीसदा टाचा उचलणं, प्रत्येक पायाने आठ-दहा लंज, कोर्टच्या सहा कोपऱ्यांत शटलशिवाय पावलांचा सराव आधी अर्ध्या आणि मग पाऊण वेगाने, खांदे आणि मनगट, आणि शेवटी हलकी रॅली. स्मॅश पहिल्या गेमच्या मध्यापर्यंत राखून ठेवा. हा सावकाश चढ हृदयालाही लागतो. थंड शरीराने एकदम जोर लावला की हृदयावरचा ताण अचानक वाढतो. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काही झालं तर खेळ तिथेच थांबवून तातडीची मदत घ्यायची. वर्षानुवर्षे खेळला नसाल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर सुरुवातीपूर्वी तपासणी.

कंडरा मात्र वॉर्म-अपने मजबूत होत नाही. आठवड्यातून तीनदा पायरीच्या कडेवर उभं राहून एका पायाने टाच उचलणं आणि तीन सेकंद घेत खाली सोडणं, बाराच्या तीन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की पाठीवर वजनाची पिशवी.

प्रश्न : सुरुवातीला गुडघ्याखाली दुखतं, गरम झालं की थांबतं, रात्री पुन्हा. गरम झाल्यावर दुखत नाही म्हणजे खेळायला हरकत नाही ना?

गरम झाल्यावर मावळणारं आणि नंतर परतणारं दुखणं हे कंडराच्या तक्रारीचं नेहमीचं लक्षण आहे. मावळलं म्हणजे बरं झालं असं नव्हे. शून्य ते दहाच्या मापात खेळताना दुखणं तीनपर्यंत राहत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलांना कालच्यापेक्षा जास्त आखडत नसेल, तर तेवढा खेळ चालेल. सकाळ बिघडली तर पुढच्या वेळी उड्या आणि खेळाचा वेळ एक तृतीयांशाने कमी करा आणि पुन्हा सकाळ तपासा. खेळाआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरू नका. त्या गोळीने हे मापच बंद पडतं. सहा आठवडे असं मोजूनमापून खेळूनही सकाळ सुधारत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जाताना ही रोजची नोंद सोबत न्या.